प्लेयर ‘दिसत नाही’ म्हणजे ‘बिघडला’ असं नाही!



आजचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, बाईंनी आज हे काय तांत्रिक काढलं? आम्ही तर पाठ टाचण आणि निबंध वाचायला येतो. पण थोडा धीर धरा. विषय एका छोट्या गाणी ऐकायच्या प्लेयरचा आहे, आणि शेवटी तो आपल्या वर्गाशीच येऊन भिडतो.

आमची शाळा मराठवाड्यातली, दोन शिक्षकी. गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण प्रत्येक मूल मागे राहतंच असं नाही. चौथीतली एक मुलगी गेल्या वेळी आई-वडिलांबरोबर गेलीच, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. जाताना मी तिच्या हातात शाळेतला एक छोटा एमपीथ्री प्लेयर दिला. आठ जीबीचा, काडेपेटीएवढा. त्यात मी माझ्या आवाजात पाठ आणि कविता भरून दिल्या होत्या, आणि सांगितलं होतं, “रोज संध्याकाळी ऐकायचं, मग रेकॉर्डचं बटण दाबून स्वतः वाचायचं.” मोबाईल का नाही दिला, असं विचाराल. मोबाईल घरात एकच, तो वडिलांच्या खिशात. शिवाय प्लेयरला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही.

एप्रिलमध्ये ती परत आली. फडक्यात गुंडाळलेला प्लेयर आणि त्याची केबल माझ्या टेबलावर ठेवली. मी शाळेच्या संगणकाला जोडला. प्लेयरच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र भरू लागलं, म्हणजे चार्ज होत होता. संगणकावर मात्र काहीच नाही. ना आवाज, ना खिडकी, ना नवीन ड्राइव्ह. ती माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, “बाई, म्या नाही पाडला खाली.”

मित्रांनो, या एका वाक्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. वस्तू चालली नाही की आपल्या मुलांना पहिल्यांदा काय वाटतं? आपली चूक आहे, आता रागावणार. आणि मोठ्यांना काय वाटतं? बिघडला, टाकून द्या.

तीन सल्ले, तिन्ही घाईचे

आमच्या शाळेच्या संगणकावर उबुंटू आहे, म्हणजे लिनक्स. गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने त्याचा जुना संगणक शाळेला दिला, त्यावर विंडोज कासवासारखं चालायचं. माझा भाऊ पुण्यात संगणकाच्या कामात आहे, त्याने उबुंटू टाकून दिलं. तेव्हापासून विनातक्रार चालू आहे.

प्लेयर दिसेना म्हटल्यावर मला दिवसभरात तीन सल्ले मिळाले. सहकारी सर म्हणाले, “मॅडम, हे लिनक्समुळे होतंय. विंडोज टाकून घ्या.” तालुक्याच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, “आणून द्या, फॉरमॅट मारून देतो.” आणि घरचा सल्ला, “पाचशे-सातशेत नवीन येतो, कशाला डोकं लावतेस?”

तिन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले. पण विचार करा, त्या प्लेयरमध्ये काय होतं? पाच महिन्यांचं त्या मुलीचं वाचन. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. प्लेयर पाचशेला मिळेल, ते वाचन कुठल्या दुकानात मिळेल?

माझं स्पष्ट मत असं आहे: निदान झाल्याशिवाय उपचार करायचा नाही. हे आपल्याला डीएडलाच शिकवलं आहे. नैदानिक चाचणी आधी, उपचारात्मक अध्यापन नंतर. मुलाला वाचता येत नाही म्हटलं की आपण बघतो, अक्षर ओळख अडते का, मात्रा अडतात का, जोडाक्षरं अडतात का. मग हाच न्याय यंत्राला का नाही?

आम्ही कसं शोधलं: पायरी पायरीने

दुसऱ्या दिवशी चौथीच्या सगळ्या मुलांना संगणकाभोवती बसवलं. फळ्यावर लिहिलं, “प्लेयर दिसत नाही. का?” मुलांनी कारणं सांगितली, मी लिहीत गेले. वायर खराब, प्लेयर खराब, कॉम्प्युटर खराब, भोक खराब! (भोक म्हणजे यूएसबी पोर्ट. हसू नका, शब्द बरोबरच आहे.) आता एकेक कारण तपासून खोडायचं ठरलं.

पहिली पायरी: संगणकाला काही कळलं तरी का?

उबुंटूमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणं एकदम दाबली की टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडते. पालकहो, घाबरू नका, यात नुसतं बघितल्याने काही बिघडत नाही. तिथे ‘एल एस यू एस बी’ ही पाच अक्षरं इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबायचं. यूएसबीला जे जे जोडलेलं आहे त्याची यादी येते, प्रत्येक वस्तूची एक ओळ. माऊस, कीबोर्ड, सगळं.

आता गंमत बघा. प्लेयर न लावता मुलांना ओळी मोजायला सांगितल्या. पाच. प्लेयर लावला, आज्ञा पुन्हा दिली, पुन्हा मोजल्या. पाचच! म्हणजे प्लेयर आल्याचं संगणकाला कळलंच नव्हतं. याचा अर्थ मोठा आहे. गाण्यांचं सॉफ्टवेअर, फॉरमॅट, फाइल या सगळ्या पुढच्या गोष्टी झाल्या. ओळखच झाली नसेल तर फॉरमॅट कोणाला मारणार? अडचण तारेत, पोर्टमध्ये किंवा प्लेयरच्या तोंडाशी होती.

दुसरी पायरी: पोर्ट बदलून बघा.

डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतून एका वेगळ्या वायरने जोडलेले असतात, ते ढिले पडतात, धूळ बसते. म्हणून मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून बघायचं. मध्ये हब असेल तर काढायचा. आम्ही मागे लावला. ओळी पाचच. मग खात्रीसाठी त्याच पोर्टला पेन ड्राइव्ह लावला. ओळी सहा! म्हणजे पोर्ट चांगला. फळ्यावरचं ‘भोक खराब’ खोडलं.

तिसरी पायरी: केबल.

इथे चोर सापडला. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. बाजारात अनेक स्वस्त केबलमध्ये विजेच्या दोनच तारा घालतात. त्यांना चार्जिंग केबल म्हणायचं. दिसायला अगदी सारखी, तोंडही तेच. अशा केबलने प्लेयर चार्ज होतो, पण संगणकाशी बोलू शकत नाही. आमचं तेच झालं होतं. मी मुलीला विचारलं, “ही केबल आपलीच आहे का गं?” ती आठवून म्हणाली, “नाही बाई. कोपीवर लाइट नव्हती. मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चार्जिंगला लावायचो, तिथं अदलाबदल झाली असंल.”

सरांच्या जुन्या फोनबरोबर आलेली केबल आणली. लावली. ओळी सहा. वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातून सर धावत आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आदल्या दिवशी आम्ही अख्खा संगणक बदलायला निघालो होतो!

एक खूण लक्षात ठेवा. नुसतं बॅटरीचं चित्र दिसत असेल तर केबलवर संशय घ्या. माहितीच्या तारा जुळल्या की बहुतेक प्लेयरच्या पडद्यावर यूएसबी जोडल्याचं वेगळं चित्र किंवा अक्षरं येतात.

चौथी पायरी: संगणक काय म्हणतोय ते वाचा.

लिनक्सची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो सगळी रोजनिशी लिहून ठेवतो. टर्मिनलमध्ये ‘एस यू डी ओ’, मग एक जागा, मग ‘डी एम ई एस जी’ असं टाइप करायचं. पासवर्ड विचारतो. तो टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तरी टाकत राहायचं. शेवटच्या काही ओळी वाचायच्या. डिस्क्रिप्टर वाचता आला नाही आणि पुढे उणे ७१ किंवा उणे ११० असा आकडा दिसला तर बहुधा केबल, पोर्ट किंवा वीजपुरवठ्याची अडचण असते. आम्हाला वेगळी ओळ दिसली. अर्थ असा की ही डिस्क मागच्या वेळी नीट बंद केलेली नाही, काही माहिती खराब असू शकते, तपासून घ्या.

मुलीला विचारलं. शेवटच्या दिवशी रेकॉर्डिंग चालू असतानाच बॅटरी संपली होती. कारण जुळलं.

आधी प्रत, मग दुरुस्ती

पालकहो, ही पायरी कृपया दोनदा वाचा. मोबाईलमधल्या लेकरांच्या फोटोंनाही हीच लागू आहे.

फोल्डर उघडल्यावर रेकॉर्डिंगच्या फाइल दिसल्या. मोह होता लगेच दुरुस्तीचं बटण दाबायचा. पण भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, आधी सगळं कॉपी करून घे.” तसं केलं. मग उबुंटूमधल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममधून अख्ख्या प्लेयरची प्रतिमा, म्हणजे डिस्क इमेज, संगणकावर घेतली. आठ जीबीचा प्लेयर विंडोजमध्ये ७.४ च्या आसपास दिसतो, त्यात चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. पाचवी-सहावीच्या मुलांना भागाकाराचं छान उदाहरण होईल.

प्रत हातात आल्यावर मग त्याच प्रोग्रॅममधला फाइल सिस्टिम दुरुस्त करण्याचा पर्याय वापरला. शेवटची फाइल आधी शून्य आकाराची दिसत होती. दुरुस्तीनंतर ‘एफएससीके’ने सुरू होणारी आणि ‘आरईसी’ने संपणारी एक नवीन फाइल आली. जे तुकडे कुठल्याच फाइलच्या नावावर नव्हते ते गोळा करून लिनक्स अशा नावाने ठेवतो. फाइलच्या नावाचा शेवट बदलून एमपीथ्री केला आणि वाजवली.

सुरुवातीला खरखर. मग तिचा आवाज. मागे बाळ रडतंय, कोणीतरी मोळ्या मोजतंय आणि ही पाठ वाचतेय. एका जोडाक्षराला अडखळते, थांबते, मागे जाऊन पुन्हा नीट वाचते. कोणी सांगितलेलं नाही, स्वतःच!

मी नोव्हेंबरची पहिली फाइल लावली आणि मग ही शेवटची लावली. पहिल्या फाइलमध्ये ती अक्षर अक्षर जुळवत होती. शेवटच्या फाइलमध्ये वाक्य ओघात येत होतं. आमच्या हजेरीपत्रकात तिच्यापुढे पाच महिने गैरहजेरी आहे. पुढच्या वर्षी तिला पुन्हा सुरुवातीच्या गटात बसवायचं असं आमचं जवळजवळ ठरलं होतं. ते आम्ही बदललं. तिच्या आईलाही शाळेत बोलावून ऐकवलं. आई पदराने डोळे पुसत एवढंच म्हणाली, “बाई, कोपीत रोज बडबडती म्हणून म्या रागवायचे हिला.”

मग लिनक्सचा काहीच दोष नसतो का?

खरं सांगायचं तर कधी कधी असतो, आणि ते लपवू नये. केबल चांगली आहे, यादीत ओळ वाढते, तरी ड्राइव्ह दिसत नाही, असं झालं तर पुढच्या गोष्टी बघा.

- काही प्लेयर एमटीपी नावाच्या पद्धतीने बोलतात. ते पेन ड्राइव्हसारखे दिसत नाहीत, फाइल्सच्या खिडकीत डाव्या बाजूला वेगळे दिसतात. प्लेयरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड असेल तर तिथे एमटीपीऐवजी एमएससी निवडा, तो पेन ड्राइव्हसारखा वागू लागेल.
- एमटीपी वस्तूशी एका वेळी एकच प्रोग्रॅम बोलू शकतो. गाण्यांचा प्रोग्रॅम आणि फाइल्सची खिडकी दोन्ही उघडे असतील तर एक बंद करा.
- अँड्रॉइड मोबाईल लावला आणि फोल्डर रिकामं दिसलं तर फोनचं लॉक उघडा आणि सूचनेत जाऊन फाइल ट्रान्सफर निवडा.
- मोठ्या क्षमतेचं कार्ड एक्सफॅट पद्धतीचं असू शकतं. फार जुन्या लिनक्सला त्यासाठी वेगळं पॅकेज टाकावं लागायचं. २०१९ च्या ५.४ या कर्नलपासून ती सोय आतच येऊ लागली. म्हणून शाळेचा संगणक अपडेट ठेवा.
- जुना आयपॉड असेल तर नुसती गाणी कॉपी करून चालत नाही. त्याची स्वतःची यादी असते, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो.

बाकी, ‘लिनक्स आपल्यासाठी नाही’ हे मला पटत नाही. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स तयार केलं आहे. कॉपी मारलेलं विंडोज शाळेत वापरायचं आणि त्याच वर्गात ‘परीक्षेत कॉपी करू नका’ असं शिकवायचं, हे काही बरोबर नाही. आणि आमच्या प्लेयरचंच बघा. ती दोन तारांची केबल जगातल्या कुठल्याही संगणकाला लावली असती तरी प्लेयर दिसला नसता.

माझं म्हणणं

शिक्षक मित्रांनो, वर्गातला संगणक बिघडला की आपण मुलांना बाहेर काढतो, कुलूप लावतो आणि मेकॅनिकची वाट बघतो. माझं म्हणणं आहे, नेमकं तेव्हाच मुलांना आत घ्या. (विजेच्या जोडणीला आणि संगणकाच्या डब्याच्या आत हात लावू द्यायचा नाही, हे सांगायला नकोच.) एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहून ठेवायचं, चांगली वस्तू लावून ताडून बघायची. हीच विज्ञानाची पद्धत. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात आपण ती शिकवतो, पण ती वापरायची संधी आली की दुकानदाराला फोन करतो.

माझे सर विचारतात, अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? प्रश्न रास्त आहे. पण त्या एका तासात मुलांनी ओळी मोजल्या, कारणं मांडली, एकमेकांची कारणं खोडली आणि इंग्रजी अक्षरं टाइप केली. मला तरी तो तास वाया गेलासा वाटत नाही.

पालकहो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. घरात रिमोट, मोबाईल, प्लेयर काहीही बंद पडलं तर लेकराला ‘तूच केलंस ना?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. ‘चल, बघू काय झालंय’ असं म्हणा. पहिल्या प्रश्नाने मूल खोटं बोलायला किंवा वस्तू लपवायला शिकतं. ती मुलगी बॅटरी संपल्याचं आणि केबल बदलल्याचं न घाबरता बोलली म्हणून तर आम्हाला कारण सापडलं.

जाता जाता आमच्या वर्गात लावलेला तक्ता देते. हवा तर तुमच्याकडेही लावा.

१. फॉरमॅट सगळ्यात शेवटी. प्रत घेतल्याशिवाय कधीच नाही.
२. आधी केबल बदला, मग पोर्ट, मग दुसरा संगणक. एका वेळी एकच.
३. बॅटरी पूर्ण संपली असेल तर अर्धा तास चार्ज करून मग जोडा.
४. प्लेयर अडकून पडला तर बटण दाबून धरून बंद-चालू करा. फॅक्टरी सेटिंगचा पर्याय मात्र वापरू नका.
५. काढताना आधी इजेक्ट करा. कॉपीची पट्टी पूर्ण झाली तरी काही माहिती लिहायची बाकी असू शकते.
६. चांगल्या केबलला रंगीत धागा बांधा.

सहावा नियम त्याच मुलीने सुचवला आहे. आता दिवाळीनंतर ती पुन्हा जाईल की नाही, माहीत नाही. वसतिगृहात ठेवा म्हणून तिच्या आई-वडिलांशी बोलणं चालू आहे. पण गेलीच तर प्लेयर तयार आहे, लाल धागा बांधलेल्या केबलसकट.

तुमच्या शाळेत असं काही घडलं असेल तर नक्की सांगा. आणि कपाटात एखादा ‘बिघडलेला’ प्लेयर पडला असेल तर उद्या मुलांना घेऊन एकदा ओळी मोजून बघा.